जुन्या गोव्याचें फेस्त आणि आम्ही पाहुणे

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत आम्हीं कांहीं लिहावें, अशी इच्छा मंडळींनीं प्रकट केली, तेव्हां प्रथम आम्ही संकोचांत पडलों. आम्ही कॅथोलिक नाहीं. भवानी पेठेंत आमचें तीन पिढ्यांचें घर. एका बाजूस तेलुगु बोलणारे विणकर, पलीकडे कानडी कुटुंबें, आणि भिंतीला भिंत लागून ज्यांचें घर त्या मावशी मात्र कॅथोलिक. नाताळांत त्यांच्या घरून करंज्या यावयाच्या आणि संक्रांतीस आमच्या घरून तिळगूळ जावयाचा, एवढाच आमचा त्या धर्माशीं परिचय. परंतु मंडळींचें म्हणणें असें पडलें कीं, जन्मभर मिस्सा ऐकणाऱ्यास जें दिसत नाहीं तें ती पहिल्यानेंच ऐकणाऱ्यास दिसतें. हें म्हणणें आम्हांस पटलें. डिसेंबर २०२४ मध्यें मावशींच्या समागमें आम्ही जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तास जाऊन आलों होतों. त्या यात्रेचा वृत्तांत आणि त्या फेस्ताचा इतिहास असा दुपेडी लेख लिहिण्याचें आम्हीं पत्करिलें.

मावशींच्या जाण्याचें कारण जुनें होतें. १९५२ सालीं संताच्या मृत्यूस चारशें वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां गोव्यास मोठें शवप्रदर्शन झालें. यापुढें शव असें लोकांपुढें मांडलें जाणार नाहीं, हें शेवटचेंच, असें त्या वेळीं बोललें जात होतें. मावशींचे वडील रेल्वेंत होते. पास निघाला, ट्रंक भरली, आणि आयत्या वेळीं सहा वर्षांची मुलगी तापानें फणफणली म्हणून आईनें ट्रंक पुन्हां उघडली. ती मुलगी म्हणजे याच मावशी. पुढें गोवामुक्तीचा लढा पेटून सरहद्द बंद झाली. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला व १९६४ त शवप्रदर्शन पुन्हां झालें, तोंवर आई निवर्तली होती. त्यानंतर दर दहा वर्षांनीं हा योग येत गेला, आणि मावशींचे सहाच्या सहा योग परिचारिकेच्या नोकरींत, संसारांत व आजारपणांत निघून गेले. "आतां पुढचें २०३४ सालीं. तोंवर कोण राहतंय? तूं सोबत येतोस का, तेवढें सांग," असें त्या म्हणाल्या. आईची काळ्या मण्यांची जपमाळ त्यांनीं पिशवींत घातली आणि आम्ही निघालों.

सोलापुराहून गोव्यास जाणें आज कठीण नाहीं. होटगीवरून विजापूर, बागलकोट, गदग, हुबळी. तेथून लोंढा, कॅसलरॉक, आणि मग दूधसागराच्या धबधब्यासमोरून घाट उतरून मडगांव. होटगी ते गदग हा लोहमार्ग १८८४ च्या सुमारास झाला व मुरगांव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा पोर्तुगीज हद्दींतील मार्ग १८८८ च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे १८९० च्या शवप्रदर्शनास सोलापुरच्या कोणा गृहस्थास जावयाचें असतें तर आगगाडीनें जातां आलें असतें. त्याआधींच्या १८७८ च्या प्रदर्शनास मात्र घाटवाटेवांचून गति नव्हती. (त्याच १८७८ सालीं आमच्या अक्कलकोटास स्वामी समर्थांनीं समाधि घेतली. एका वर्षांत इकडे समाधि झाली व तिकडे पेटी उघडली गेली, हा योग आम्हांस गाडींत बसल्या बसल्या सुचला, एवढेंच.)

जुन्या गोव्यास पोंचलों तों आमच्या कल्पनेंतील 'चर्च' नाहींसें झालें आणि त्या जागीं जत्रा उभी राहिली. रस्त्याच्या दोहों बाजूंस खाज्यांचे ढीग, चण्यांचीं पोतीं, लाडू, भांडीं, कपडे, खेळणीं; आणि त्यांतच मेणबत्त्यांचीं दुकानें. मेणबत्त्यांजवळ मेणाचे हात, पाय, डोळे, तान्हीं मुलें मांडलेलीं दिसलीं. ज्याचा जो अवयव दुखतो त्यानें त्याची मेणाची प्रतिमा वाहावयाची. आमच्याकडे देवीस चांदीचे डोळे वाहतात, ही गोष्ट ज्यास ठाऊक आहे त्याला येथें खुलासा लागत नाहीं. बेळगांव, खानापूर, सावंतवाडी या बाजूंनीं पायीं चालत आलेले जथे झाडांखालीं पाय पसरून बसले होते. त्यांचे सुजलेले पाय पाहून आम्हांस पंढरीच्या वाटेची आठवण झाली. फरक एका गोष्टींत होता. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर नंदीध्वज निघाले, बाराबंदी घातलेले मानकरी चालूं लागले, म्हणजे वाद्यांनीं व जयघोषानें शहर दणाणून जातें. येथें माणसें तितकींच दाट, पण मंदिराच्या आवारांत शिरतांच आपोआप आवाज खालीं येत होता. दारापाशीं आम्ही जन्माच्या संवयीनें चपला काढूं लागलों. मावशी म्हणाल्या, "अरे, घाल त्या. इथं चपला राखायला कोणी बसत नाही." चपला घालून गाभाऱ्याच्या दिशेनें चालणें आम्हांस फार जड गेलें, हें आम्ही प्रांजळपणें सांगतों.

ज्यांचें हें फेस्त, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नवार राज्यांत, म्हणजे आजच्या स्पेन देशांत, झाला. पॅरिसच्या विद्यापीठांत इग्नेशियस लोयोला यांची गांठ पडून ते येशूसंघाच्या पहिल्या सात जणांपैकीं एक झाले, व ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरावें, मुलें व गुलाम गोळा करावे आणि त्यांना धर्मपाठ शिकवावा, हा त्यांचा तेथील क्रम. पुढच्या दहा वर्षांत दक्षिणेकडील मोतीं काढणारे परवर लोक, मलाक्का, मोलुक्का बेटें व १५४९ त जपान एवढा प्रदेश त्यांनीं पालथा घातला. चीनच्या दारांत सांशियन बेटावर, पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहत, ३ डिसेंबर १५५२ रोजीं ते वारले. तेथें चुन्यांत पुरलेलें शरीर काढून १५५३ त मलाक्क्यास व तेथून १६ मार्च १५५४ रोजीं गोव्यास आणलें. तें न कुजतां राहिलेलें पाहून लोकांची जी दाटी उसळली, तिला या फेस्ताचें मूळ म्हणावयास हरकत नाहीं. १६२२ त त्यांस संतपद मिळालें.

येथें एक गोष्ट वगळून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. गोव्यांत धर्मन्यायासन, ज्यास इन्क्विझिशन म्हणतात, तें बसवावें अशी विनंती झेवियर यांनीं १५४६ त पोर्तुगालच्या राजास पत्रानें केली होती. तें न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर १५६० त बसलें व १८१२ त कायमचें उठलें. त्याच काळांत मंगेशाचें दैवत कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळास न्यावें लागलें. गोव्यांतील हिंदु घराण्यांत या गोष्टींची आठवण पुसली गेलेली नाहीं, आणि ज्यानें घंटा घेऊन पोरें गोळा केलीं तोच हा पुरुष, हेंही खरें. मावशींना आम्हीं हें गाडींत विचारलें होतें. त्या म्हणाल्या, "पत्र लिहिलं ते लिहिलं. मी त्याच्याकडे पत्रासाठी जात नाही."

शवाची पुढील कथा स्वतंत्र पुस्तक व्हावें अशी आहे. १६१४ त उजव्या हाताचा कोपराखालील भाग कापून रोमास पाठविला. तो तेथील येशूसंघाच्या मुख्य मंदिरांत आहे. १६३६-३७ त गोव्याच्याच चांदीकाम करणाऱ्या कारागिरांनीं संतचरित्रांतील प्रसंग उठविलेली चांदीची पेटी घडविली. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी नांवाच्या शिल्पकारानें घडविलेलें संगमरवरी थडगें तस्कनीचा अधिपति तिसरा कोसिमो यानें नजर केलें व तें १६९८ त बॉम जेझूस मंदिरांत उभें राहिलें. तें मंदिर १५९४ ते १६०५ या काळांतील. फिरंगी राजाचें दगडी काम खालीं आणि गोमंतकी सोनारांचें चांदीचें काम वर, अशी ती रचना आहे, व आमच्या मतें डोळा वरच्यावरच ठरतो. १७५९ त पोर्तुगालच्या सरकारनें येशूसंघाच्या लोकांस हद्दपार केलें. जातांना त्यांनीं खरें शव नेलें, पेटींत दुसरेंच ठेवलें, अशी कंडी उठली. ती खोटी पाडण्यासाठीं फेब्रुवारी १७८२ त पेटी उघडून शव तीन दिवस लोकांस दाखविण्यांत आलें. तें पहिलें शवप्रदर्शन. म्हणजे हा एवढा सोहळा भक्तीनें नव्हे तर संशयानें सुरू झाला! दुसरें १८५९ त झालें. आणि १९६४ त मुंबईस पवित्र ख्रिस्तप्रसादाची जागतिक परिषद भरून पोप सहावे पॉल आले, तेव्हां जें झालें तेव्हांपासून दहा वर्षांचा क्रम पडला. आम्हीं पाहिलें तें अठरावें, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ पर्यंतचें.

प्रदर्शनाच्या काळांत शव बॉम जेझूसमधून मिरवणुकीनें समोरच्या से महामंदिरांत नेऊन ठेवतात. हें महामंदिर संत कॅथरिनेच्या नांवाचें, कारण अल्फोन्सो द अल्बुकर्क यानें २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, तिच्या सणाच्या दिवशीं, गोवा घेतला. १५६२ त आरंभ, १६१९ त शेवट. दोन मनोरे होते, त्यांतील एक १७७६ त कोसळला तो पुन्हां बांधलाच नाहीं. आम्ही रांगेंत उभे राहिलों तेथून तो एकांडा मनोरा दिसत होता. रांगेंत पुढें एक तामिळ कुटुंब, मागें कारवारकडचे कोळी; हिंदु बायकाही पुष्कळ होत्या, त्या कपाळावरील कुंकवावरून ओळखूं येत.

त्या रांगेंत उभे असतां आमच्या मनांत जो विचार आला तो या लेखाचें खरें कारण होय. आमच्या आधीं मराठी माणूस या शवाच्या दिशेनें आला होता तो यात्रेकरू म्हणून नव्हे. नोव्हेंबर १६८३ त छत्रपति संभाजी महाराजांनीं फोंड्याचा पोर्तुगीजांनीं घातलेला वेढा उठविला, आणि २४ तारखेच्या रात्रीं ओहोटी साधून जुवे बेटावरील सांत इस्तेव्हांव किल्ला घेतला. जुवे जुन्या गोव्यापासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः चालून गेला, त्याचा मोड झाला व तो जखमी होऊन परतला. शहर वांचण्याची आशा राहिली नाहीं तेव्हां तो बॉम जेझूसमध्यें गेला, पेटी उघडविली, आणि आपला राजदंड संताच्या शवाजवळ ठेवून, आतां हें राज्य तूंच राख, अशी याचना त्यानें केली. पुढें औरंगजेबाचा पुत्र शहाआलम रामघाटानें कोंकणांत उतरला व महाराजांस मागें फिरावें लागलें. पोर्तुगीजांनीं हा संताचा चमत्कार मानला. आम्ही शाळेंत हा प्रसंग मोगलांच्या आक्रमणाच्या सदराखालीं वाचला. ज्या पेटीपुढें आमच्या राजाच्या भीतीनें राजदंड ठेवला गेला, त्या पेटीच्या दर्शनासाठीं आम्ही सोलापुराहून येऊन उन्हांत उभे होतों, आणि एक स्वयंसेवक मुलगा आम्हांस पिण्याचें पाणी देत होता. आम्ही त्यास 'देव बरें करूं' म्हटलें, कारण तेवढेंच कोंकणी आम्हांस येतें.

भाषेची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करावी. याच कोंद द आल्व्होरनें, मराठे परतल्यावर थोड्याच महिन्यांनीं, २७ जून १६८४ रोजीं फर्मान काढलें कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. आश्चर्य हें कीं, याच भूमींत, याच धर्माच्या एका उपदेशकानें त्यापूर्वीं सत्तर वर्षें नेमका उलटा मार्ग धरला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ त गोव्यास आला, साष्टींत राहिला, आणि त्यानें ओवीबद्ध मराठींत ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ त रायतूर येथें छापलें गेलें. ओव्या अकरा हजारांच्या घरांत. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं, तरी हस्तलिखितांच्या आधारें तो ग्रंथ तगला व १९०७ त मंगळुरास पुन्हां छापला गेला. ज्ञानेश्वरीच्या छंदांत येशूचें चरित्र गाणारा मनुष्य आणि भाषेवर बंदी घालणारा मनुष्य हे दोघेही एकाच क्रुसाला वंदन करीत होते. फर्मानानें कोंकणी मेली नाहीं, हें फेस्ताच्या दिवशीं कानांनींच कळतें.

दर्शन क्षणभराचें. दोन तास उभें राहून पेटीपुढें दहा पावलें चालावयास मिळतात, आणि मागची रांग थांबूं देत नाहीं. काचेच्या पेटींत भरजरी वस्त्रांत एक लहानसें, वाळलेलें, काळवंडलेलें शरीर आहे. चित्रांत पाहिलेला भव्य पुरुष आम्ही शोधीत होतों. तो तेथें नाहीं. जपानपर्यंत चाललेले पाय एवढेसे असतील असें वाटलें नव्हतें. मावशींनीं आईची जपमाळ दोन्ही हातांनीं पेटीच्या दिशेनें उचलून धरली. त्यांनीं काय म्हटलें तें ऐकूं आलें नाहीं व आम्हीं विचारलेंही नाहीं. बाहेर आल्यावर त्या कट्ट्यावर बसून पुष्कळ वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "चहा मिळेल का रे कुठं?"

३ डिसेंबरच्या सकाळीं मांडवांतील मिस्सेस बसलों. नऊ दिवसांची नोव्हेना २४ नोव्हेंबरपासून चालत आली होती, तिचा हा कळस. कोंकणी आम्हांस निम्मी समजली, बाकी सुरावर भागलें. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेंत होऊं लागली. त्यापूर्वीं ती लॅटिनमध्यें होई व गोव्याच्या शेतकऱ्यासही ती आमच्याइतकीच कळत असेल. उभें केव्हां राहावें, गुडघे केव्हां टेकावे, हें आम्ही मावशींकडे पाहून करीत होतों. मध्येंच सर्वांनीं शेजाऱ्यास शांति चिंतण्याची वेळ आली. अनोळखी माणसांनीं आम्हांस हात जोडले, आम्हींही जोडले. हा भाग आम्हांस फारच आवडला. मग रांगा पुढें सरकूं लागल्या, धर्मगुरु पांढरी भाकर प्रत्येकाच्या हातांत देऊं लागले, आणि आम्ही प्रसाद समजून उठलों. मावशींनीं सदरा धरून खालीं बसविलें.

"हा प्रसाद नव्हे."

आम्ही मनांतून दुखावलों. देवळांत आलेल्यास प्रसाद न देणें यासारखा अपमान नाहीं, असें आम्ही लहानपणापासून मानीत आलों. दोन दिवस पाणी मिळालें, सांवली मिळाली, शवाचें दर्शन मिळालें, आणि येथेंच हात आंखडला! रात्रीं मावशींनीं सांगितलें तें असें. त्यांच्या श्रद्धेप्रमाणें ती भाकर ख्रिस्ताचें शरीरच होय. ती घेणें म्हणजे मी बाप्तिस्मा घेतला आहे, हें सर्व मी मानतों, अशी शपथ वाहणें. जो मानीत नाहीं त्याच्याकडून तशी शपथ वदविणें हें त्याच्याशींही खोटें व देवाशींही खोटें. "तुला दिली असती तर तुला फसवल्यासारखं झालं असतं," असें त्या म्हणाल्या. आम्हीं पुष्कळ वेळ विचार केला. मराठी माणसाच्या प्रसादाच्या कल्पनेशीं ही कल्पना जुळत नाहीं, व जुळविण्याचा प्रयत्न करूंही नये. फेस्तास प्रथमच जाणाऱ्यानें मात्र एवढें ठाऊक ठेवावें कीं, दर्शन, मेणबत्ती, गाणें, जत्रा, जेवण या सर्वांत त्यास पूर्ण वांटा आहे. त्या एका रांगेंत मात्र स्वस्थ बसून राहणें हाच त्याचा वांटा. तसें बसून राहिलेले आम्ही एकटेच नव्हतों. कुंकू लावलेल्या त्या बायकाही हात जोडून बसून होत्या, आणि त्यांच्या तोंडावर आमच्यासारखा राग दिसत नव्हता. त्या बहुधा दर वर्षीं येत असाव्या.

परततांना मावशींनीं दोन शेर खाजें व सहा मेणबत्त्या घेतल्या. (शेर गेले, किलो आले, मावशींच्या तोंडीं अजून शेरच आहेत.) घाट चढतांना त्यांना झोंप लागली ती हुबळीस उघडली. जानेवारींत गड्ड्याच्या दिवशीं आमच्या घरीं पाहुणे भरले, तेव्हां त्यांनीं उरलेलें खाजें ताटलींत घालून भिंतीपलीकडून पाठविलें. आमच्या घरच्यांनीं तें तिळगुळाबरोबर वाटलें. एक मेणबत्ती आमच्या वांट्याची म्हणून त्यांनीं आधींच दिली होती. ती अद्याप पेटविलेली नाहीं, देवघरालगतच्या फडताळांत आहे. जपमाळ त्यांच्या आईच्या तसबिरीस अडकविली आहे.